चार्टर विमानाला ‘सनदी’ का म्हणू नये

गोव्यातल्या एका अनुवादक ताईंनी विचारलं आहे: “युरोपातल्या १९५० ते १९७० च्या काळातल्या सुट्टीच्या विमानप्रवासावरचा लेख मराठीत आणते आहे. त्यात चार्टर एअरलाइन आणि जेटलाइनर हे शब्द सतत येतात. संपादकांनी ‘सनदी विमान कंपनी’ असं सुचवलं आहे. मला ‘भाडोत्री’ जवळचा वाटतो, पण कानाला खटकतो. शिवाय शेड्यूल्ड, म्हणजे वेळापत्रकाने उडणाऱ्या, एअरलाइनला ‘अनुसूचित’ म्हटलेलं मी सरकारी हिंदीत पाहिलं आहे. मराठीत चालेल का?”

ताई, आधी सनदीचं बघू, कारण तिथे गफलत होणं अगदी साहजिक आहे. चार्टर म्हणजे सनद हे आपण शाळेपासून शिकत आलो. ईस्ट इंडिया कंपनीला राणीने १६०० साली दिली ती सनद. तहसील कचेरीत भिंतीवर लावलेली असते ती ‘नागरिकांची सनद’. वकिलाला मिळते तीही सनदच. चार्टर्ड अकाउंटंट हा सनदी लेखापाल झाला, कारण इंग्लंडमधल्या लेखापालांच्या संस्थेला १८८० साली राजघराण्याची सनद मिळाली होती. आपल्याकडची संस्था १९४९ च्या कायद्याने उभी राहिली, राजाची सनद तिला कधीच नव्हती, पण नाव तेच राहिलं. या सगळ्यांत एक समान धागा आहे. वरच्याने खालच्याला अधिकार दिला आणि तो कागदावर लिहून दिला.

चार्टर विमान म्हणजे कोणीतरी अख्खं भाड्याने ठरवलेलं विमान. त्यात असं कोणीच कोणाला अधिकार देत नाही. तिथे फक्त सौदा असतो. शब्द तोच दिसतो, पण तो दुसऱ्या वाटेने आला आहे आणि ती वाट समुद्रावरून जाते. मध्ययुगीन युरोपात जहाज भाड्याने घेताना एकाच कागदावर करार दोनदा लिहीत आणि मधोमध कागद कापत. एक तुकडा जहाजवाल्याकडे, दुसरा मालवाल्याकडे. तंटा झाला की दोन्ही तुकडे जुळवून बघायचे. त्या कागदाला लॅटिनमध्ये ‘कार्टा पार्टिटा’, म्हणजे कापलेला कागद, म्हणत. इंग्रजीत त्याचं ‘चार्टर पार्टी’ झालं आणि जहाजांच्या धंद्यात आजही कराराला हेच नाव आहे. त्यावरून चार्टर हे क्रियापद बनलं: अख्खं जहाज करार करून घेणं. विमानाला लागलेला चार्टर हा असा आहे. शेजारच्या फ्रेंचमध्ये तर सनदेचा वाससुद्धा न येणारा शब्द आहे. तिथे अशा उड्डाणाला ‘आफ्रेते’ असंही म्हणतात, आणि तो शब्द जहाजभाड्याच्या ‘फ्रे’ या शब्दावरून आला आहे. तेव्हा ‘सनदी विमान’ वाचून मराठी माणसाला वाटेल की या कंपनीला सरकारने काही खास मान दिलेला आहे. खरी गोष्ट जवळजवळ उलटी होती, सरकारं या कंपन्यांना जेमतेम उडू देत होती.

आता तुमच्या लेखातला दुसरा शब्द, जेटलाइनर, म्हणजे मोठं प्रवासी जेट विमान. हाही समुद्रातूनच आलेला आहे, आणि माझ्या मते या जोडीतली खरी गंमत याच शब्दात आहे. ‘लाइन’ म्हणजे ठरलेला मार्ग, त्यावर ठरलेल्या दिवशी सुटणारं जहाज म्हणजे ‘लाइनर’. १८१८ च्या जानेवारीत ‘ब्लॅक बॉल लाइन’ या जहाज कंपनीने न्यूयॉर्क ते लिव्हरपूल अशी जहाजं सुरू केली आणि जाहीर केलं की जहाज भरो न भरो, सांगितलेल्या तारखेला निघेल. त्याआधी माल पुरेसा जमला की निघायचं, असाच रिवाज होता. जी जहाजं मिळेल तो माल घेऊन मिळेल त्या बंदराला जात, जिथे करार होईल तिकडे वळत, त्यांना ‘ट्रॅम्प’, भटकी जहाजं, म्हणत. म्हणजे समुद्रावर लाइनर आणि चार्टरवर फिरणारं जहाज हे एकमेकांच्या विरुद्ध होते. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना हा फरक सांगावा लागत नाही. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत वेंगुर्ल्याकडे जाणारी आगबोट वेगळी आणि मंगळुरी कौलं भरून आलेलं गलबत वेगळं.

‘जेटलाइनर’ हे नाव १९४९ साली कॅनडात बनलेल्या एका अॅव्रो कंपनीच्या विमानालाच दिलेलं होतं. ते विमान एकच बनलं आणि सेवेत कधी आलं नाही, पण पुढे प्रत्येक मोठ्या प्रवासी जेटला हा शब्द चिकटला. त्यामुळे ‘चार्टर कंपनीचा जेटलाइनर’ या साध्याशा शब्दसमूहात समुद्रावर सहसा एकत्र न येणारे दोन शब्द शेजारी बसले आहेत. मराठीत मात्र जेटलाइनरला ‘प्रवासी जेट विमान’ म्हणा आणि पुढे जा. ‘लाइन’ अनुवादात आणायचा प्रयत्न केलात तर वाक्य अडखळेल आणि हाती काही लागणार नाही.

पण हे दोन शब्द एकत्र आले कसे, ते थोडं सांगतो, कारण मराठी शब्द निवडताना त्याचा उपयोग आहे.

१९४४ च्या शिकागो करारात आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे दोन वर्ग केले गेले. पाचव्या कलमात वेळापत्रकाबाहेरची उड्डाणं, सहाव्यात वेळापत्रकाची. वेळापत्रकाच्या मार्गांवर बहुतेक देशांनी आपापल्या सरकारी किंवा मर्जीतल्या कंपन्या बसवल्या आणि भाडी संगनमताने ठरवली. पाचव्या कलमाच्या फटीतून बाकीचे आत आले. मे १९५० मध्ये व्लादिमीर राइट्झ या मॉस्कोत जन्मलेल्या, लंडनमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेत काम केलेल्या माणसाने एक डीसी-३ विमान ठरवलं आणि लंडनजवळच्या गॅटविकहून कॉर्सिका बेटावरच्या काल्व्हीला प्रवासी नेले. विमान, राहणं, जेवण सगळं मिळून ३२ पौंड १० शिलिंग. राहायला तंबू होते. सरकारने परवानगी देताना अट घातली की फक्त शिक्षक आणि विद्यार्थ्यांनाच न्यायचं. ब्रिटनमध्ये तेव्हा रेशन चालू होतं, त्यामुळे जेवणात रोज मांस मिळणार हेही मोठं आमिष होतं.

या सगळ्यात शब्दार्थाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की विमान कंपनीचं गिऱ्हाईक प्रवासी नव्हता. गिऱ्हाईक एकच, सहल काढणारा. त्याने सगळ्या खुर्च्या एकदम घेतल्या, त्या भरायची जबाबदारी त्याची. प्रवाशाने विकत घेतली ती सहल, तिकीट नव्हे. कायदाही तसाच होता. सुटं तिकीट विकायला बंदी होती आणि ब्रिटनमध्ये तर पुढे असा नियम होता की राहण्याजेवण्यासकट सहलीची किंमतसुद्धा त्या ठिकाणच्या नियमित विमानाच्या सर्वांत स्वस्त परतीच्या भाड्याखाली आणायची नाही. हा नियम १९७० नंतरच सुटला. अटलांटिक ओलांडायचा तर वेगळीच अट होती: प्रवासी एखाद्या मंडळाचे किमान सहा महिने सभासद असले पाहिजेत, आणि ते मंडळ प्रवासासाठी काढलेलं नसावं. स्वस्तात अमेरिकेला जाता यावं म्हणून कागदावरची किती मंडळं जन्माला आली असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

स्वस्ताईचं गणितही साधं होतं. विमान शनिवारी माणसं सोडतं आणि आधीच्या खेपेला सोडलेली घेऊन येतं. पूर्ण मोसमात रिकामी जायची ती पहिली परतीची आणि शेवटची जाण्याची, एवढ्याच दोन खेपा. जेट आल्यावर हे चक्र आणखी जोरात फिरू लागलं. लंडनजवळच्या ल्यूटनहून स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पाल्माला दोन-अडीच तासांत पोहोचता येऊ लागलं, तेव्हा तेच विमान दिवसात दोन-तीनदा, रात्रीसुद्धा, ये-जा करू लागलं. सुरुवातीची जेट बहुधा जुनी होती. डॅन-एअर या ब्रिटिश चार्टर कंपनीने १९६६ पासून इतरांची वापरलेली कॉमेट विमानं घेतली आणि जगातलं कॉमेटचं शेवटचं व्यापारी उड्डाण ९ नोव्हेंबर १९८० रोजी तिनेच केलं. ब्रिटानिया या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने मात्र १९६८ मध्ये कोरी बोइंग ७३७ आणली. जर्मनीच्या कॉंडोरने १९७१ मध्ये थेट ७४७ आणलं. डेन्मार्कच्या स्टर्लिंगची कॅरॅव्हेल विमानं ज्या सहल कंपनीसाठी उडत, ती एका गावच्या धर्मगुरूने बसच्या सहलींपासून उभी केली होती.

आणि आता पुन्हा समुद्राकडे. डॅन-एअर या नावातलं ‘डॅन’ म्हणजे डेव्हीज अँड न्यूमन. ही लंडनमधली जहाजांच्या दलालीची पेढी, म्हणजे चार्टर पार्ट्या जुळवणं हाच तिचा धंदा. ल्यूटनची कोर्ट लाइन ही तर मुळात भटक्या मालवाहू जहाजांची कंपनी, तिने १९६५ मध्ये एक लहान विमान कंपनी विकत घेतली. तिच्या बीएसी वन-इलेव्हन विमानांना गुलाबी, नारिंगी, जांभळा, निळसर हिरवा असे फिके रंग होते आणि आत ११९ खुर्च्या. समोरच्या खुर्चीच्या पाठीत जेवणाचे दोन कप्पे होते, एक जाताना उघडायचा आणि एक येताना. दोन्ही वेळची शिदोरी आधीच भरलेली! चार्टर हा शब्द जहाजातून विमानात गेला तो कोशकारांच्या हातून नव्हे, अशा धंदेवाल्या माणसांबरोबर गेला. ‘गिऱ्हाईक एकच’ याचा धोकाही कोर्ट लाइनने दाखवला. क्लार्कसन्स ही सहल कंपनी तिचं मोठं गिऱ्हाईक होती. ती डबघाईला आली तेव्हा कोर्ट लाइनने तिलाच ताब्यात घेतलं, कारण ती बुडाली तर विमानं कोणासाठी उडवायची? तेल महागलेलं, लोक हात आखडून. १५ ऑगस्ट १९७४ रोजी दोन्ही एकदम बंद पडल्या आणि ऐन सुट्टीत हजारो लोक परदेशात अडकले.

तर मग शब्द कोणता?

‘अनुसूचित’ आधी बाजूला ठेवा. इंग्रजी शेड्यूलचे दोन अर्थ आहेत, यादी आणि वेळापत्रक. अनुसूचित जाती, अनुसूचित बँका यांत यादी आहे. विमानाच्या बाबतीत वेळापत्रक आहे. ‘अनुसूचित विमान कंपनी’ म्हटल्यावर मराठी वाचक कुठल्या तरी यादीचा शोध घेईल. ‘नियमित विमानसेवा’ पुरेसं आहे. मात्र त्याच्या उलट म्हणून चार्टरला ‘अनियमित’ म्हणू नका. ती विमानं मोसमभर दर शनिवारी घड्याळ लावल्यासारखी जात होती. जर्मनांनी इथे फार नेमका शब्द केला आहे. नियमित वाहतुकीला ते ‘लाइन’ची वाहतूक म्हणतात आणि दुसरीला ‘बेडार्फ’ची, म्हणजे गरजेप्रमाणे होणारी.

‘भाडोत्री’ अर्थाने चुकीचा नाही. पण भाडोत्री सैनिक, भाडोत्री गुंड यांनी तो शब्द आता इतका डागाळला आहे की प्रवासी बिचकेल. ‘करारी विमान’ अजिबात नको, करारी हा माणसाच्या स्वभावाचा शब्द आहे.

मला सगळ्यांत जवळचा शब्द एसटीकडे सापडतो. शाळेच्या सहलीला आमच्या दाराशी यायची त्या लाल गाडीवर गावाच्या नावाऐवजी ‘प्रासंगिक करार’ अशी पाटी असायची. तेव्हा मी ते गावाचं नाव समजत असे आणि हे गाव नक्की कुठे आहे याचं मला खरंच कुतूहल होतं. ही पाटी म्हणजे चार्टरची अचूक व्याख्या आहे: गाडी तीच, चालक तोच, पण आज ती फेरीवर नाही, अख्खी एकाला दिलेली आहे. परिवहन खात्याची ‘टप्पा वाहतूक’ (सुटे प्रवासी घेणारी) आणि ‘कंत्राटी वाहतूक’ (अख्खी गाडी ठरवलेली) ही जोडीही शिकागो कराराच्या दोन कलमांची जुळी बहीण शोभेल. तरी हा शब्द मी तुमच्या लेखासाठी सुचवणार नाही. वऱ्हाडाची बस प्रसंगाने ठरते. मायोर्काचं विमान प्रसंगाने ठरत नव्हतं, सबंध उन्हाळ्यासाठी ठरलेलं होतं.

माझा सल्ला असा. नाम म्हणून ‘चार्टर’ तसाच ठेवा. तुमच्या गोव्यात तो केव्हाच मराठी आणि कोकणी झाला आहे. जर्मनीची आणि इंग्लंडची विमानं दाबोळीला उतरू लागली तेव्हापासून तिथल्या बातम्यांत ‘मोसमातलं पहिलं चार्टर दाखल’ असं वाचायला मिळतं, आणि ‘चार्टर पर्यटक’ म्हणजे कोण हे शॅकवाल्याला समजवावं लागत नाही. स्वीडिश आणि डॅनिश लोकांनीही असंच केलं, त्यांच्याकडे चार्टर म्हणजे ती सुट्टीच. क्रियापद मात्र आपलं वापरा. मराठीत आपण गाडी ‘करतो’, टेम्पो ‘ठरवतो’. ‘विमान चार्टर केले’ यापेक्षा ‘अख्खं विमान ठरवलं’ किती सरळ आहे! शिवाय फेरी आणि खेप यांतला फरकही हाताशी ठेवा. फेरी वेळापत्रकाची असते, रिकामी असली तरी होते. खेपेला मात्र काहीतरी वाहून न्यायचं असतं, पाणी, वाळू, माणसं. नियमित कंपन्यांच्या ‘फेऱ्या’ आणि चार्टर कंपन्यांच्या ‘खेपा’ असं लिहिलंत तर न सांगता अर्थ पोहोचेल.

एक सावधगिरी. कंपनीच्या नावातला चार्टर पाहून ती चार्टर कंपनीच असेल असं धरू नका. एअर इंडिया एक्सप्रेस २००५ मध्ये उडू लागली ती ‘एअर इंडिया चार्टर्स’ या कंपनीची सेवा म्हणून, पण तिची विमानं वेळापत्रकानेच जात होती आणि कोणीही सुटं तिकीट काढू शकत होतं.

शब्द पहिल्यांदा येईल तिथे अर्थ वाक्यातच उलगडा, पुढे नुसतं चार्टर म्हणा. उदाहरणार्थ: “सहल कंपन्या मोसमभरासाठी अख्खी विमानं ठरवून घेत. अशी विमानं पुरवणाऱ्या चार्टर कंपन्यांकडे १९६० नंतर प्रवासी जेट विमानं आली आणि ल्यूटनहून पाल्माच्या खेपा रात्रीही होऊ लागल्या.”