देवळामागे उभे चौकोनी कोरीव दगड पडलेत, काहींवर घोडेस्वार, एकावर नुसता हात, आणि देवळाचा जीर्णोद्धारही निघालाय. गावाच्या या वारशाची नोंद कशी करावी आणि तो लोकांसमोर कसा मांडावा?

जीर्णोद्धार निघालाय म्हणजे हाताशी वेळ कमी आहे. म्हणून आधी नोंद, मग इतिहास, आणि फलक सगळ्यात शेवटी. बहुतेक गावांत उलटं होतं. 'पांडवकालीन' असा फ्लेक्स आधी लागतो, पाठोपाठ दगडांना ऑइलपेंट फासला जातो, आणि दगडावर काय कोरलंय ते कोणी नीट बघतच नाही.

उभे चौकोनी दगड, घोडेस्वार, एकावर नुसता हात, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून हे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचे दगड) आणि सतीशिळा (सती गेलेल्या बाईच्या स्मरणाचे) दिसतात. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटींत लढाई आणि पडलेला वीर, त्यांच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. चौकटी बहुधा तीन किंवा चार असतात. तळाशी गाई कोरलेल्या असतील तर गुरं सोडवताना पडलेला माणूस समजायचा. जहाजं असतील तर आरमारी लढाई. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर ती आहे. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला उभा हात सतीचा. गाढव आणि बाई असा दगड निघाला तर तो गधेगाळ, म्हणजे दान दिलेली जमीन कोणी बळकावू नये म्हणून दगडात कोरलेली शिवी. लाजेखातर असे दगड कुठे कुठे पालथे घातले जातात. पण ते दानाशी जोडलेले असल्यामुळे कोरलेला लेख सापडण्याची आशाही त्यांच्यावरच जास्त. तेव्हा पालथा दगड दिसला तर सोडू नका.

नोंदीला टेप, एक मोठी टॉर्च, वही आणि मोबाइल एवढं पुरतं. प्रत्येक दगडाला क्रमांक द्या, पण तो कागदावर लिहून शेजारी ठेवा. दगडावर रंगवू नका. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या. जमिनीत गाडलेला भाग मोजता येत नाही, म्हणून 'दिसणारी उंची' असं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढे कोणी दगड उभा केला की तुमचं माप चुकीचं ठरतं. फोटो या क्रमाने: आधी लांबून, देऊळ आणि झाडं दिसतील असा, मग समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, मग एकेक चौकट जवळून, शेजारी पट्टी ठेवून. त्रिमितीय मॉडेल करायचं असेल तर दगडाभोवती फिरत साठ-सत्तर फोटो काढा, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा.

दुपारच्या उन्हातला फोटो फुकट जातो. झिजलेल्या कोरीवकामाला तिरपा उजेड लागतो, म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी जा. अक्षरं असल्याची शंका असेल तर अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा आणि डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार वेगळे फोटो घ्या. एका बाजूच्या उजेडात न दिसलेली रेघ दुसऱ्या बाजूने दिसते. अक्षरं खडूने किंवा कोळशाने भरायचा मोह टाळा. खडू भरणारा माणूस त्याला जे दिसतं तेच भरतो, आणि पुढचे सगळे त्याचीच चूक वाचत बसतात. ओल्या कागदावर ठसा घेणं हे शिकलेल्या माणसाचं काम, ते यूट्यूब बघून करू नये.

शेंदूर चढलेला दगड हा गावाचा देव आहे. तो खरवडायचा नाही, आत काय आहे याची कितीही उत्सुकता असली तरी. शेंदराचं कवच कधीकधी आपोआप सुटतं. त्या दिवशी गुरवाने तुम्हाला फोन करावा एवढी ओळख ठेवा.

लेखात शक सापडला तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. संवत्सराचं नाव (साठ वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला असलेलं नाव, पहिलं प्रभव) असेल तर पडताळा घेता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभवपासून मोजलेला संवत्सर (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं वर्ष, शक १५९६, घ्या: १६०८ भागिले ६०, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखातला शक ९३४ वाचला गेलाय आणि संवत्सर 'प्रधावी', म्हणजे परिधावी. ९४६ भागिले ६०, बाकी ४६, आणि सेहेचाळिसावा परिधावीच. तुमचं उत्तर एकाने चुकलं तर गत शक (पुरी झालेली वर्षं) की वर्तमान शक (चालू वर्ष धरून) हा प्रश्न असू शकतो. जास्त चुकलं तर आकडा चुकीचा वाचलाय. झिजलेल्या दगडावर असं सर्रास होतं. घराघरांतल्या मोडी कागदांत मात्र शकाऐवजी फसली किंवा सुहूर सन, म्हणजे जुन्या दफ्तरांतल्या वेगळ्या कालगणना, भेटतात. दख्खनी फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवायचे. दोन्ही वर्षं मृगाच्या सुमारास (जूनच्या सुरुवातीला) सुरू होतात, त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांना आणखी एक.

बहुसंख्य वीरगळांवर लेख नसतोच. अशा दगडावर राजा, लढाई किंवा वीराचं नाव चिकटवू नका. वहीत तीन रकाने करा: दगडावर काय दिसतं, गावात काय सांगतात, मला काय वाटतं. दुसरा रकाना बाकी दोघांइतकाच मोलाचा आहे, त्याला 'दंतकथा' म्हणून उडवू नका. कोणतं घर या दगडाला दसऱ्याला नैवेद्य आणतं, लग्नानंतर कोण पाया पडायला येतं, आजूबाजूच्या शेतांची जुनी नावं काय, हे म्हाताऱ्या बायका पुरुषांपेक्षा जास्त सांगतात असं माझं मत आहे. त्यांना चावडीवर बोलावू नका, घरी जाऊन बसा. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा, आणि नाव छापलं तर चालेल का हे वेगळं विचारा.

आता जीर्णोद्धार. समितीकडे वाद घालायला जाऊ नका, या मागण्या लेखी द्या: सँडब्लास्टिंग, ॲसिड आणि तारेचा ब्रश नको, कारण त्याने कोरीवकामाची कड कायमची जाते. ऑइलपेंट नको. दगड सिमेंटमध्ये बसवणं नको. सिमेंट ओल कोंडतं, त्यातले क्षार दगडात चढून पापुद्रे सुटतात, आणि पुढे दगड काढायचा म्हटलं तर तो तुटतो. भिंतीत तर मुळीच चिणू नये, मागची बाजू कायमची झाकली जाते. दगड हलवावाच लागला तर आधी जागच्या जागी फोटो आणि तोंड कोणत्या दिशेला होतं याची नोंद. चार फूट उंच, दीड फूट रुंद, नऊ इंच जाड बसाल्टचा दगड साडेतीनशे किलोच्या पुढे जातो, त्यामुळे जेसीबीच्या दातांनी उचलायचा नाही. रुंद पट्टे, मधे गोणपाट. उभा करताना त्याचा तळाचा न घडवलेला भाग खड्ड्यात जाऊ द्या, भोवती दगडाची कपची आणि मुरूम ठोकून भरा.

पाया खणताना मूर्ती, नाणी, ताम्रपट असं काही निघालं तर काम थांबवा. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं १८७८ च्या निखात निधीच्या (जमिनीत पुरलेल्या धनाच्या) कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, म्हणजे ती परस्पर विकता किंवा परदेशी पाठवता येत नाहीत. देऊळ संरक्षित स्मारक आहे का हे पुरातत्त्व खात्याकडून आधीच विचारून घ्या. असेल तर परवानगीशिवाय एक वीटही लावता येत नाही.

लोकांसमोर मांडताना एक पथ्य पाळा. सुट्या, सहज उचलता येतील अशा मूर्तींचं अक्षांश-रेखांश जाहीर करू नका. ते वहीत ठेवा. बाहेर फक्त गाव आणि तालुका. मूर्तिचोर आणि गुप्तधनवाले दोघेही नेटवर असतात. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने चढवा म्हणजे तुमचा मोबाइल हरवला तरी ते राहतील, पण माणसांचे आणि पूजेचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय नकोत. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत द्या. मग फलक: दगड कशाचा आहे, चौकटी कोणत्या क्रमाने वाचायच्या, गावात काय सांगतात, आणि 'याला रंग किंवा तेल लावू नये' ही ओळ मोठ्या अक्षरात. फलक दगडाला टेकवून लावू नका आणि खिळे देवळाच्या भिंतीत ठोकू नका. वेगळ्या खांबावर लावा.