माणूस पाठवला म्हणजे दुरुस्ती झाली का?

प्रश्न : आमच्या भाड्याच्या सदनिकेतील गिझर घरमालकांचा असून करारासोबतच्या सामानाच्या यादीत त्याची नोंद आहे. दोन महिन्यांत तो तीनदा बंद पडला. दर वेळी कारागीर येऊन गेला आणि दर वेळी आठवडाभरात गिझर पुन्हा बंद. ‘मी माणूस पाठवला, माझे काम संपले,’ असे घरमालक म्हणतात. पुढच्या महिन्यापासून भाडे कापून द्यावे का?
— एक भाडेकरू

उत्तर : यादीत नोंद आहे हे आपले भाग्य, कारण उपकरणांच्या बाबतीत कायदा सगळीकडे सारखा उदार नाही. इंग्लंडमध्ये १९८५च्या घरमालक व भाडेकरू कायद्याचे कलम ११ पाणी तापवण्याच्या व्यवस्थेची दुरुस्ती घरमालकावर टाकते, परंतु वीज, गॅस किंवा पाण्यावर चालणारी इतर उपकरणे त्यातून वगळते. त्यांच्यासाठी भाडेकरूला मुख्यतः कराराचाच आधार असतो. उलट जर्मनीत, नागरी संहितेच्या कलम ५३६ प्रमाणे, घराच्या वापरात किरकोळ नव्हे अशी बाधा आली की त्या काळापुरते भाडे कायद्यानेच कमी होते. मात्र दोष विनाविलंब कळवला नाही, आणि त्यामुळे घरमालकाला तो दूर करता आला नाही, तर भाडेकरू हा हक्क गमावतो.

म्हणून पहिला प्रश्न असा, की आपण लेखी कळवले आहे का? फोनवरच्या तक्रारी पुढे कोणालाच आठवत नाहीत. कारागीर किती वेळा आला यापेक्षा गिझर कोणत्या तारखेला बंद पडला, कधी सुरू झाला आणि पुन्हा कधी बंद पडला याची नोंद ठेवावी, व प्रत्येक वेळी ती घरमालकांना पाठवावी. तीन खेपांनंतरही उपकरण आठवडाभर टिकत नसेल तर मूळ दोष शाबूत आहे असेच मी म्हणेन, आणि मागणीही ‘पुन्हा माणूस पाठवा’ अशी न करता ठरावीक मुदतीत कायमची दुरुस्ती किंवा नवा गिझर अशी करावी.

सवलत किती मागावी हे गैरसोयीच्या प्रमाणात ठरते. समजा, गरम पाणी नसल्याबद्दल १० टक्के सवलत मान्य झाली आणि ३० दिवसांच्या महिन्यात गिझर १२ दिवस बंद होता, तर त्या महिन्याची वजावट ४ टक्के होईल. गिझर चालू होता ते दिवस प्रामाणिकपणे वगळावेत. फुगवलेला हिशेब मूळ तक्रारही संशयास्पद करतो.

मात्र स्वतःच्या मर्जीने भाडे कापू नये. स्थानिक कायदा किंवा करार स्पष्ट मुभा देत नसेल, तर कापलेली रक्कम थकबाकी ठरते, आणि थकबाकीवरून घर खाली करण्याची नोटीस येऊ शकते. जिथे भाडे कायद्यानेच घटते तिथेही वाजवीपेक्षा जास्त कापणाऱ्याला हा धोका असतोच. आधी घरमालकांची लेखी संमती मागावी. ती न मिळाल्यास ‘हक्क राखून’ असे लेखी कळवून पूर्ण भाडे भरावे आणि जादा रकमेचा परतावा भाडेविषयक प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयात मागावा.