ड्रॉ.आयओमध्ये वारंवार लागणारे आकार कसे ओळखायचे आणि कुठे साठवायचे?

तुम्ही ठाण्यात सोसायट्यांच्या पंपरूमचे आराखडे ड्रॉ.आयओ या आकृत्या काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढता आणि दर वेळी जुन्या फाइलीतून पंप, व्हॉल्व्ह कॉपी करून आणता, असं लिहिलंय. मी महापेला केमिकल प्लांटच्या ड्रॉइंगचं काम करते. चिन्हं बरीचशी तुमचीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

झालेली चार-पाच ड्रॉइंग्ज शेजारी-शेजारी उघडा आणि प्रत्येक चिन्हात काय तसंच राहतं, काय बदलतं ते बघा. गेट व्हॉल्व्ह म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण. बदलतो फक्त नंबर आणि साइझ, म्हणून तो साठवायचा. भूमिगत टाकीची मापं नि कप्पे मात्र प्रत्येक इमारतीत निराळे, आणि आयत काढायला वेळ तो किती लागतो? ती साठवू नका.

खरा फायदा सुट्या चिन्हांपेक्षा जोडणीत आहे. पंप, सक्शनला (पाणी आत येतं त्या बाजूला) व्हॉल्व्ह आणि स्ट्रेनर म्हणजे गाळणी, डिलिव्हरीला (पाणी बाहेर जातं त्या बाजूला) प्रेशर गेज, एनआरव्ही म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह आणि मग साधा व्हॉल्व्ह, हा सगळा संच एकच आकार म्हणून ठेवा. एका हेडरवर, म्हणजे सामायिक मुख्य पाइपवर, दोन पंप असले आणि एनआरव्ही काढायचा राहिला, तर चालू पंपाचं पाणी बंद पंपातून उलटं टाकीत जातं. घाईत नेमकी हीच चिन्हं सुटतात. संच तयार असला की सुटत नाहीत. फायरलाइनचंही (आग विझवायच्या पाण्याच्या लाइनचंही) तसंच: मुख्य पंप, डिझेल पंप आणि लाइनमधला दाब टिकवणारा जॉकी पंप, तिन्ही हेडरसकट एकत्र.

स्वतः काढण्याआधी डावीकडे खाली 'मोअर शेप्स'मध्ये प्रोसेस इंजिनिअरिंगचा संच आहे तो चालू करा. व्हॉल्व्ह, पंप, इन्स्ट्रुमेंटची वर्तुळं त्यात तयार मिळतात.

आता बदलणारा भाग. व्हॉल्व्हचा नंबर लेबलमध्ये टाइप करून साठवलात, तर पुढच्या ड्रॉइंगमध्ये जुनाच नंबर डोकावतो आणि तपासणाऱ्याच्या नजरेतूनही निसटतो. त्याऐवजी आकार निवडून कंट्रोल-एम दाबा, 'टॅग' नावाची प्रॉपर्टी (आकाराला जोडलेला माहितीचा रकाना) जोडा, 'प्लेसहोल्डर्स'वर टिक करा आणि लेबलमध्ये %टॅग% लिहा. मग नंबर त्या प्रॉपर्टीतून येतो. साठवताना तिथे 'भरा' असं ठेवायचं, म्हणजे राहून गेलेला नंबर लगेच दिसतो. संच कंट्रोल-जी करून ग्रुप करा, त्याला दोन पाइपलाइन जोडा आणि संच हलवून बघा. लाइन सोबत सरकली नाही तर आत्ताच दुरुस्त करा.

साठवायला दोन जागा आहेत. एक म्हणजे स्क्रॅचपॅड, डावीकडच्या आकारांच्या यादीतला हाताशी ठेवायचा कप्पा. त्यावर आकार ओढून टाकला की झालं, पण ब्राउझरमध्ये काम करत असाल तर तो त्या ब्राउझरच्याच साठ्यात राहतो. डेटा क्लिअर केला की गेला, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसतही नाही. चालू ड्रॉइंगपुरता तो ठीक. दुसरी जागा म्हणजे लायब्ररी, आकारांची वेगळी फाइल. कायमच्या आकारांसाठी फाइल मेनूतून 'न्यू लायब्ररी' करून गूगल ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर ठेवा. ती साधी एक्सएमएल फाइल असते, सहकाऱ्याला पाठवता येते, बॅकअप घेता येतो. प्रत्येक आकाराला नाव द्यायला विसरू नका. चित्र इतकं छोटं दिसतं की गेट आणि ग्लोब व्हॉल्व्हमधला फरक कळत नाही.

एक मर्यादा आधीच माहीत असू द्या. लायब्ररीतून ओढलेला आकार ही स्वतंत्र प्रत असते. उद्या लायब्ररीतला संच सुधारलात तरी जुनी ड्रॉइंग्ज आहेत तशीच राहतात. व्हिजिओ या मायक्रोसॉफ्टच्या तशाच प्रोग्रॅममध्ये ओढलेल्या आकाराचा मास्टर, म्हणजे मूळ नमुना, त्या फाइलच्या डॉक्युमेंट स्टेन्सिलमध्ये (फाइलच्या आतल्या नमुन्यांच्या संचात) बसतो. तो बदलला की त्या फाइलमधले त्याचे सगळे आकार बदलतात, इतर फाइली मात्र तिथेही हाताने कराव्या लागतात. म्हणून लायब्ररीच्या नावात तारीख घाला आणि कुठलं ड्रॉइंग कुठल्या तारखेच्या लायब्ररीवरून काढलं ते टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) लिहून ठेवा. चूक सापडली की कुठल्या सोसायट्यांची ड्रॉइंग्ज पुन्हा उघडायची, ते त्यावरून लगेच कळतं.