मराठी थांबवू नका, आधी कान तपासून घ्या

लहान मुलांच्या बोलण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही येळ्ळूरचे. मुलगी अडीच वर्षांची आहे. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, शेजारी हिंदी. बोलते कमी आणि तेही मिसळून, "मला नीरू पायजे" असं. पाहुणे म्हणतात, पोरगी गोंधळली आहे, मराठी बंद करा, पुढं कन्नडच लागणार. काय करावं?

मराठी बंद करू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे मुलाचं बोलणं लांबत नाही, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसून आलं आहे. "मला नीरू पायजे" हा गोंधळ नाही. वाक्य मराठीचं आहे, त्यात एक शब्द कन्नड आहे, इतकंच. बेळगावच्या बाजारात मोठी माणसं दिवसभर असंच बोलतात, त्यांना कुणी गोंधळलेलं म्हणत नाही.

खरा प्रश्न "बोलते कमी" हा आहे. त्यासाठी एक वही घ्या आणि आठवडाभर तिचे शब्द लिहून काढा, सगळ्या भाषांतले. पाणी आणि नीरू दोन्ही म्हणत असेल तर ते दोन शब्द. अंगणवाडीत ती काय काय म्हणते ते तिथल्या ताईंना विचारून त्यात घाला. दोन वर्षांच्या सुमारास सगळ्या भाषा मिळून पन्नासेक शब्द असावेत आणि "बाबा ये", "दूध दे" अशी दोन शब्दांची जोडणी सुरू झालेली असावी. तुमची मुलगी अडीच वर्षांची आहे. वहीतला आकडा याहून बराच कमी भरला तर वाट न बघता तपासणी करून घ्या. भाषा शिकण्यातच अडचण असेल तर ती एकाच भाषेत दिसत नाही, सगळ्या भाषांत दिसते.

तपासणारे कन्नड बोलणारे असतील तर "घरी ती मराठीत काय बोलते तेही लिहून घ्या" असा आग्रह धरा आणि वही पुढं करा. नुसत्या कन्नडमध्ये तपासलं तर ती आहे त्यापेक्षा मागं दिसेल.

आणि कृपा करून मोडक्या कन्नडमध्ये तिच्याशी बोलू नका. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, गोष्ट रंगवून सांगता येते, तिच्यातच बोला. कन्नड ती अंगणवाडीत आणि गल्लीत शिकेल, चांगली शिकेल.

प्रश्न : मुलगा बावीस महिन्यांचा आहे. "आई" आणि "बा" एवढंच बोलतो. जन्मल्यावर कावीळ जास्त होती म्हणून बरेच दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. सासूबाई म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला. भांडं पडलं की वळून बघतो, म्हणजे ऐकू येतं ना? (खानापूर तालुका)

ताई, भांड्याच्या आवाजावर विसंबू नका. मोठा, घुमणारा आवाज ऐकू येतो, पण "स", "श", "क" यांसारखे बारीक आवाज येत नाहीत, अशी मुलं असतात. ती हाकेला कधी वळतात, कधी नाही, आणि घरचे समजतात पोरगं हट्टी आहे. जन्मानंतरची तीव्र कावीळ हे श्रवणदोषाच्या जोखमीचं माहीत असलेलं कारण आहे. म्हणून पहिलं काम कानाची तपासणी. ओएई (कानाच्या आतल्या भागाची) आणि बेरा (कानाच्या नसेची) अशा दोन तपासण्या आहेत. दोन्हीत दुखत नाही, मूल झोपलेलं असताना होतात. नुसती ओएई करून थांबू नका. कावीळ कधीकधी कानापेक्षा कानाच्या नसेवर परिणाम करते आणि तो दोष बेरात सापडतो.

कुठं जायचं? आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती वैद्यकीय पथकं आहेत. त्यांनी अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासावं असा नियम आहे आणि ऐकू न येणं, बोलणं उशिरा येणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. पण पथकाची फेरी लांब असेल तर थांबू नका, थेट बेळगावला बिम्सच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जा. जन्माच्या वेळचे कागद बरोबर न्या. पुढं सखोल तपासणी लागलीच तर म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे.

घाई का, तेही सांगते. बाळाच्या श्रवणदोषाबाबत जगभर पाळला जाणारा नेम असा: पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आपण बावीस महिन्यांवर आहोत. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) केंद्राच्या एडिप योजनेत, म्हणजे अपंगांना साधनं मिळवून देणाऱ्या योजनेत, वयाची अट पाच वर्षांपर्यंतची आहे, आणि शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकं बोलणं चांगलं येतं. कान ठीक निघाले तर उत्तमच. मग भाषेची तपासणी करायची. वडील उशिरा बोलले हेही डॉक्टरांना जरूर सांगा. ती माहिती उपयोगाची आहे, पण ते थांबण्याचं कारण नाही.

प्रश्न : वाचा सुटावी म्हणून वेखंड उगाळून मधातून चाटवावं का? की जिभेखालचा धागा कापून घ्यावा?

दोन्ही नको. वेखंड चाटवल्यावर बाळांना उलट्या झाल्याच्या नोंदी आहेत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच देऊ नये. जिभेखालचा धागा आखूड असला तर काही बाळांना अंगावर पिताना त्रास होतो, पण बोलायला उशीर होण्याचं ते कारण क्वचितच असतं.

प्रश्न : मी निपाणीची आजी. लेक-सून दोघंही कामाला जातात. तीन वर्षांची नात माझ्याकडं असते. मोबाईल दिल्याशिवाय जेवत नाही. इंग्रजी गाणी पाठ म्हणते, पण तहान लागली तर हात धरून माठाकडं नेते.

आजी, पाठ म्हणणं वेगळं आणि मागणं, सांगणं, विचारणं वेगळं. मोबाईल बोलतो, पण तिच्या उत्तरासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आत पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर तासभर. आधी जेवणाच्या वेळचा मोबाईल काढा. चार-पाच दिवस रडेल, ते सोसा. तुमचं काम थांबवायची गरज नाही. भाजी निवडताना तिला समोर बसवा आणि बोलत राहा: "ही मेथी, ही काडी टाकूया". "हे काय? ते काय?" अशी परीक्षा घेऊ नका. ती माठाकडं नेईल तेव्हा "पाणी? पाणी हवं?" म्हणा, तिच्या तोंडाकडं बघत मनात पाचपर्यंत मोजा, आणि मग पाणी द्या, बोलली नाही तरी द्या.

पण एक गोष्ट नीट बघा. हाक मारली की ती तुमच्याकडं बघते का? आवडलेली वस्तू बोटाने दाखवते का? आधी येत असलेले शब्द गेलेत का? यांतलं काहीही खटकलं तर मोबाईल सुटायची वाट बघू नका. कान आणि सगळी वाढ तपासून घ्या. हे तुमच्या सांभाळण्यात कमी पडलं म्हणून झालेलं नाही, हे लेकाला आणि सुनेलाही सांगा.

प्रश्न : वडगावात घरातच माग आहेत. चार वर्षांचा मुलगा तीन महिन्यांपासून "म-म-मला" असा अडखळतो. वडील ओरडतात, नीट बोल म्हणून.

ओरडणं आजच थांबवा. दोन ते पाच या वयात असं अडखळणं पुष्कळ मुलांत येतं आणि बहुतेकांचं जातं. "हळू बोल, श्वास घे" असंही सांगू नका, वाक्य त्याचं त्याला पुरं करू द्या. मागाच्या खडखडाटात त्याला प्रत्येक गोष्ट ओरडून आणि घाईनं सांगावी लागत असेल. वीज गेली किंवा धागा तुटला की माग थांबतात, त्या वेळी त्याला जवळ घ्या आणि तो काय सांगतो ते सावकाश ऐका. माग चालू असताना त्याला शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा, कानासाठीसुद्धा. घरात आणखी कुणी अडखळत असेल, बोलताना तो डोळे मिटत किंवा मान ताणत असेल, किंवा बोलायचंच टाळू लागला असेल, तर लगेच स्पीच थेरपिस्टकडे न्या. यांतलं काही नसलं तरी अडखळणं सहा महिन्यांच्या पुढं गेलं तर दाखवून घ्या.