वाचकांचे प्रश्न : आजोबांचे रिव्हॉल्व्हर दुरुस्त करावे, की सरावासाठी नवे पिस्तूल घ्यावे?

प्रश्न : माझे आजोबा काटोल भागातील मालगुजार होते. त्यांचे वेब्ली अँड स्कॉट बनावटीचे, नळी खाली झुकवून उघडायचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर पुढे वडिलांच्या परवान्यावर आले. गेल्या दिवाळीत वडील वारले, तेव्हा आम्ही ते नागपुरातील परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केले. अनेक वर्षे ते चामडी म्यानातच पडून होते. घोडा चढवल्यावरही सिलिंडर (काडतुसे बसवायचे कप्पे असलेले फिरते नळकांडे) हलते आणि नळीची बिजागरी सैल झाली आहे, असे तेथील कारागिराने सांगितले. संत्र्याच्या बागेत डबे मांडून नेम धरण्याची मला व माझ्या मुलाला हौस आहे. हे रिव्हॉल्व्हर दुरुस्त करून घ्यावे, की विकून .२२ चे पिस्तूल घ्यावे? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : रिव्हॉल्व्हर ताबडतोब जमा केलेत, हे अगदी योग्य केलेत. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र घरात ठेवता येत नाही आणि शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावे लागते. मात्र जमा केलेले शस्त्र तेथे कायम राहू शकत नाही. ठरावीक मुदतीत वारसाने स्वतःच्या नावे परवाना मिळवावा लागतो किंवा ते पात्र व्यक्तीला विकावे लागते, अन्यथा ते सरकारजमा होऊ शकते. म्हणून दुरुस्तीचा विचार करण्याआधी वारसाहक्काच्या परवान्याचा अर्ज करा. धरमपेठेत राहत असल्याने आपला अर्ज पोलीस आयुक्तांकडे जाईल. काटोलला वास्तव्य असते, तर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला असता. इतर वारसांचे ना-हरकत पत्र सोबत जोडा. बिघडलेल्या शस्त्राला परवाना लागत नाही, हा समज आपल्याकडे बराच पसरलेला आहे, पण कायद्याने सूट दिली आहे ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशाच शस्त्राला. आपले रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही.

आता दुरुस्तीविषयी. घोडा चढवल्यावर सिलिंडर पक्के बसायला हवे आणि प्रत्येक कप्पा नळीच्या नेमका समोर यायला हवा. सिलिंडर फिरवणारा पंजा, त्याला अडवणारा खटका आणि सिलिंडरवरील खाचा झिजल्या, की कप्पा किंचित बाजूला राहतो. मग गोळी नळीच्या तोंडाच्या कडेला घासते आणि शिशाचे कण व तप्त वायू सिलिंडर आणि नळी यांमधील फटीतून जोराने बाहेर फेकले जातात, ज्यामुळे वापरणाऱ्याच्या हाताला किंवा शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याला इजा होऊ शकते. आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये बिजागरीही सैल आहे, आणि या रचनेत गोळीचा सारा धक्का बिजागरी व वरचा खटका यांवरच येत असल्याने मला हा दोष पहिल्या दोषाइतकाच गंभीर वाटतो. असे जुने भाग तयार मिळत नाहीत, ते हाताने घासून बसवावे लागतात आणि हे काम कायद्याने परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. नळीच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील, तर एवढे करूनही नेम सुधारणार नाही.

काडतुसांबाबत एक धोका आवर्जून सांगतो. आपल्याकडे ‘.३२’ या एकाच नावाने दोन निराळी काडतुसे ओळखली जातात, एक रिव्हॉल्व्हरचे आणि दुसरे पिस्तुलाचे. पिस्तुलाचे काडतूस पुष्कळदा रिव्हॉल्व्हरच्या कप्प्यात सहज बसते, पण त्याचा दाब बराच जास्त असतो, आणि सैल झालेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला तो झेपेलच असे नाही.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे : हे रिव्हॉल्व्हर गोळीबारासाठी दुरुस्त करू नका, पण विकूही नका. कारागिराकडून ते स्वच्छ करून गंज थांबवून घ्या आणि आजोबांची आठवण म्हणून परवान्यावर सांभाळा. नळीवरील मूळ काळसर निळा मुलामा घासून नवा चढवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. झिजलेला असला, तरी आजोबांच्या हाताखाली वावरलेला मुलामा तोच आहे.

.२२ च्या पिस्तुलाचा विचारही मी सोडून द्यायला सांगेन. त्यालाही परवाना लागतोच, आणि शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येत असल्याने, आजोबांच्या रिव्हॉल्व्हरसह तुमची मर्यादा तेथेच संपेल. शिवाय .२२ ची गोळी लहान दिसली, तरी ती दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. काटोलच्या बागांत तोडणीच्या दिवसांत किती माणसे झाडांआड वावरत असतात, हे आपण जाणताच.

आपल्या हौसेसाठी ४.५ मिलिमीटरचे एअर पिस्तूल सर्वांत योग्य ठरेल. शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या) हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा मात्र मागतो. छरे स्वस्त असतात आणि १० मीटर मोकळी जागा सरावाला पुरते. मनू भाकर यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तो प्रकारही १० मीटर एअर पिस्तुलाचाच. त्यातील लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो, त्यामुळे मुलाला रायफल क्लबमध्ये प्रशिक्षकाकडे पाठवलेत, तर डब्यांपेक्षा ते लक्ष्य त्याला अधिक काळ गुंतवून ठेवील. बागेत सराव करायचाच असेल, तर लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असावा, कारण दगडावर किंवा कडक लाकडावर आदळलेला छरा उलटा येतो; दोघांनीही संरक्षक चष्मा लावावा आणि छरे शिशाचे असल्याने हात धुतल्याशिवाय संत्रे सोलू नये.

विक्रेत्याकडे पुढच्या वेळी जाल, तेव्हा रिव्हॉल्व्हर अजून त्या चामडी म्यानातच आहे का, हे पाहा. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्याने धरून ठेवलेला ओलावा यांमुळे लोखंड गंजते. म्यान वेगळे ठेवायला सांगा आणि रिव्हॉल्व्हर तेलाचा हात फिरवून कोरड्या सुती कापडात गुंडाळून घ्या. पावसाळा लागण्याआधी हे व्हायला हवे.