ट्यूब हेडफोन अँपमध्ये सतत घूंऽऽ आवाज येतो, ट्यूब बदलल्या तरी जात नाही, काय करावं?

तुम्ही म्हणताय की गाणं लावलेलं नसलं तरी दोन्ही कानांत घूंऽऽ येतं, व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढंच राहतं आणि नवीन ट्यूब घालूनही काही फरक नाही. मग कृपया आता आणखी ट्यूब घेऊ नका, कारण ट्यूब खराब असती तर नवीन घातल्यावर आवाज बदलला असता, निदान कमीजास्त तरी झाला असता.

व्हॉल्यूम शून्यावरची गोष्ट सांगितलीत हे फार बरं केलंत. व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा कमीजास्त होणारा रेझिस्टर) बहुतेक अँपमध्ये पहिल्या ट्यूबच्या आधी असतो, म्हणजे पॉट बंद असतानाही जो आवाज येतो तो त्याच्या पुढे कुठेतरी तयार होतोय. (व्हॉल्यूमबरोबर वाढणारा हम, म्हणजे घूंऽऽ आवाज, वेगळा, तो सोर्स किंवा केबलमधून येतो.) तरीपण एकदा मागच्या इनपुट केबल पूर्ण काढून ऐका. ग्राउंड लूप (दोन उपकरणांचं अर्थिंग केबलमधूनही जोडलं जाऊन बनलेलं वेटोळं) असेल तर हम शून्यावरही ऐकू येऊ शकतो आणि केबल काढल्याबरोबर गायब होतो. तसं झालं आणि गाणं लॅपटॉपवरून येत असेल तर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, किंवा डॅकला (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ करणारा डबा) यूएसबीऐवजी ऑप्टिकल केबल लावा. पण हम घालवायला अर्थिंगची पिन कधीही काढू नका, कितीही जणांनी सांगितलं तरी, आत शॉर्ट झालं तर सगळं मेटलचं कॅबिनेट लाइव्ह होतं.

केबल काढूनही हम राहिला तर तो अँपच्या आतला. आता तो ५० हर्ट्झचा आहे की १०० चा हे ओळखा (जिथे मेन्सची, म्हणजे घरातली, वीज ६० हर्ट्झ आहे तिथे ६० आणि १२०). फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, दोन्ही सूर हेडफोनवरच लावून जुळवून बघा, फोनच्या स्पीकरवर ५० नीट ऐकूच येत नाही. १०० असेल तर संशय पॉवर सप्लायवर, बहुतेकदा फिल्टरचे, म्हणजे डीसी सपाट करणारे, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात, अँप जुना असेल तर नक्की चेक करा.

५० असेल तर मी आधी हीटरकडे (ट्यूब आतून तापवणारी तार) बघेन. मी बांधलेल्या ६एसएन७ आणि ६०८० या ट्यूबच्या अँपमध्ये असाच हम होता, मी पण ट्यूब बदलत बसलो, कपॅसिटर बदलले, वायरिंग दोनदा उकललं, आणि शेवटी सापडलं काय तर हीटरच्या ६.३ व्होल्टच्या दोन्ही वायरींपासून ग्राउंडला जे १०० ओहमचे दोन रेझिस्टर जातात त्यांच्या ग्राउंडच्या टोकाचं सोल्डर कच्चं होतं. म्हणजे हीटरची अख्खी लाइन ग्राउंडशिवाय तरंगत होती आणि तिचा एसी कॅथोडवर (हीटरने तापणारा ट्यूबचा भाग) झिरपत होता. पुन्हा सोल्डर केलं आणि एकदम शांत! तुमच्याकडे हीटर एसीवर असतील तर हे रेझिस्टर (किंवा ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप, म्हणजे वाइंडिंगच्या मधली वायर) ग्राउंडला खरंच पोचतात का ते मीटरने बघा, आणि हीटरच्या दोन वायरी एकमेकींना घट्ट पिळलेल्या आणि ग्रिडच्या (ट्यूबमध्ये सिग्नल जिथे शिरतो ते टोक) वायरीपासून लांब हव्यात. हीटर ठीक निघाले तर पॉवर ट्रान्सफॉर्मर. त्याचं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वायरींत किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतं, तो नव्वद अंशात फिरवून बसवला तर कधीकधी फरक लगेच कळतो.

पण अँप उघडण्याआधी हे वाचाच. आत सहज दीडशे ते तीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो शिल्लक राहू शकतो. प्लग काढा, थांबा, काही किलोओहमच्या पाच वॅटच्या रेझिस्टरने कपॅसिटर डिस्चार्ज करा, मीटरने शून्य आलंय हे बघा, मगच हात घाला. या कामाची सवय नसेल तर केबल आणि सुराची टेस्ट तुम्ही करा आणि पुढचं जाणकाराकडून करून घ्या.

अजून एक, हेडफोन कुठला आहे? फार सेन्सिटिव्ह इअरफोन असेल तर चांगल्या अँपचाही थोडा हम त्यात ऐकू येतो आणि तोच अँप ३०० ओहमच्या हेडफोनवर शांत वाटतो. हेडफोन किती ओहमचा, ट्यूब कुठल्या आणि सूर ५० ला जुळला की १०० ला, एवढं कळवा, मग पुढचं नेमकं सांगता येईल.