बर्फ, हिम आणि इंग्रजी 'आइस' हे एकाच मुळातले शब्द आहेत का?

नाही, तिघांची मुळं वेगळी. इंग्रजी 'आइस'चं सख्खं भावंड जर्मनमध्ये आहे, उच्चारही तोच. 'बर्फ' आपण फारसीतून घेतला. तिथे मात्र तो आभाळातून पडणाऱ्या बर्फालाच म्हणतात, गोठलेल्या पाण्याला 'यख'. आपण दोन्ही एकाच शब्दात भागवतो.

खरी श्रीमंती 'हिम'मध्ये आहे. रशियन 'झिमा', लॅटिन 'हिएम्स', फारसी 'जमिस्तान' हे सगळे त्याचेच चुलतभाऊ आणि सगळ्यांचा अर्थ हिवाळा. लॅटिनमध्ये दोन वर्षांच्या जनावराला 'बिमुस', म्हणजे मुळात 'दोन हिवाळ्यांचं' म्हणत. संस्कृतातही 'शतं हिमाः' म्हणजे शंभर वर्षं.

आणि आपलं 'हिवाळा', 'हिवताप', अंगात भरणारं 'हीव'? तेही याच 'हिम'चे!